काय ऐकावे, कुठून ऐकावे: तालुक्याच्या गावातील एका संगीतवर्गाचे प्रकरण

प्रकरणाची ओळख

धुळे आणि जळगाव या जिल्ह्यांच्या सीमेवरील एका तालुक्याच्या गावात खासगी संगीतवर्ग चालवणाऱ्या शिक्षिकेने आपल्या विद्यार्थ्यांना दर रविवारी ऐकण्यासारखे, पाहण्यासारखे किंवा वाचण्यासारखे काही सुचवण्याचा उपक्रम सुरू केला. काही महिन्यांत तो उपक्रम केवळ नावापुरता उरला. नंतर त्याची फेररचना झाली, तो पुन्हा रुळावर आला, आणि नेमक्या त्याच वेळी एका घरगुती ध्वनिमुद्रणावरून वाद उभा राहिला. या साऱ्या घडामोडींची नोंद संबंधितांच्या संमतीने येथे दिली आहे. गावाचे, वर्गाचे आणि व्यक्तींचे नाव वगळले आहे, आणि ओळख पटू नये म्हणून एक-दोन कौटुंबिक तपशील बदलले आहेत. संगीताचे तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण यातले बहुतेक निर्णय त्या तपशिलांवरच ठरले.

पार्श्वभूमी

वर्ग शिक्षिकेच्या राहत्या घराच्या माडीवर भरतो. एक हार्मोनियम, तबल्याची जोडी आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा एवढीच सामग्री तेथे आहे. विद्यार्थ्यांत प्राथमिक शाळेतील मुलांपासून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींपर्यंत सगळे आहेत. त्यांपैकी बरेच जण शेतकरी कुटुंबांतील असून आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येतात. बहुतेकांचे लक्ष्य अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांवर असते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढत गेले की प्रमाणपत्र मिळते, आणि शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुण देण्याची तरतूद झाल्यापासून या प्रमाणपत्रांना पालकांच्या लेखी नवे मोल आले आहे. याबद्दल पालकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. कपाशीच्या भावावर वर्षाचा हिशेब ठरणाऱ्या घरात मुलीच्या गाण्याची फी नियमित भरली जाते, यालाही काही अर्थ आहे.

शिफारशींचा उपक्रम एका साध्या प्रश्नातून निघाला. प्रवेशिकेच्या विद्यार्थ्यांना भूप रागाचा आरोह-अवरोह, मध्यम आणि निषाद वर्ज्य, वादी म्हणजे मुख्य स्वर गंधार, संवादी म्हणजे त्याखालोखालचा धैवत, छोटा ख्याल आणि काही ताना हे सगळे मुखोद्गत होते. 'भूप कोणी गायलेला तुम्ही पूर्ण ऐकला आहे का?' असे शिक्षिकेने विचारले तेव्हा वर्गात एकही हात वर झाला नाही. राग हा मुलांना माहीत होता तो वहीतला आणि स्वतःच्या आवाजातला. दुसऱ्या कोणाच्या गळ्यातून तो कसा निघतो, याची त्यांना कल्पनाच नव्हती.

प्रत्यक्ष मैफल ऐकण्याची सोय या भागात अगदीच नाही असे नाही. बालगंधर्वांच्या बालपणाचा आणि सुरुवातीच्या संगीतशिक्षणाचा काही काळ जळगावात गेला, आणि त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव तेथे दरवर्षी भरतो. परंतु तालुक्याच्या गावातील मुलीला रात्रीची मैफल संपल्यावर परतीची गाडी मिळत नाही, आणि सोबत येणारे मोठे माणूस दर वेळी मिळेलच असे नाही. त्यामुळे ऐकण्याचे साधन म्हणून प्रत्येक घरात असलेला मोबाईलच निवडणे शिक्षिकेला व्यवहार्य वाटले, आणि पालकांसह सर्वांचा एक ग्रुप तयार झाला.

अडचण

पहिल्या काही महिन्यांतील संदेश मी वाचले आहेत. त्यांत शिक्षिकेची हौस आणि व्यासंग दोन्ही दिसतात. एका रविवारच्या संदेशात भूप, यमन आणि दुर्गा या रागांच्या प्रत्येकी दोन ध्वनिमुद्रणांच्या लिंक, एका नाट्यपदाची लिंक, एका गायकाच्या दीर्घ मुलाखतीचे दोन भाग, वृत्तपत्रातील एका लेखाचे छायाचित्र, चाळीसगावातील छायाचित्रकार केकी मूस यांच्या कलादालनाविषयी चार ओळी आणि शेवटी 'सर्वांनी नक्की ऐका' अशी सूचना आहे. खाली अंगठ्याची आणि जोडलेल्या हातांची चिन्हे आहेत. त्यानंतर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू होतात.

कोणी काय ऐकले, हे विचारल्यावर उत्तर येत नसे. फी द्यायला आलेल्या एका पालकांनी मात्र मनातले सरळ बोलून दाखवले: 'मॅडम, हाई परीक्षामा येस का?' प्रश्नात उद्धटपणा नव्हता. मुलगी मोबाईल घेऊन बसते आणि 'मॅडमनी सांगितलंय' म्हणते, तेव्हा ती नक्की काय करते हे घरच्यांना कळायला मार्ग नव्हता.

शिक्षिकेला खरी जाग आली ती दुसऱ्याच एका प्रसंगाने. उस्ताद अमीर खाँ यांनी गायलेला मारवा राग त्यांनी सुचवला होता. मध्यमेच्या तयारीत असलेला, तालाला पक्का असलेला एक मुलगा दुसऱ्या दिवशी म्हणाला, 'मॅडम, त्यात काही होतच नाही.' तो खोटे बोलत नव्हता. अतिविलंबित लयीतील चौदा मात्रांचा झुमरा ताल असतो तेव्हा एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पुरे व्हायला पाऊण मिनिट किंवा त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो. त्या मुलाने आजवर वाजवलेला त्रिताल काही सेकंदांत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येणारा होता. भरीस भर म्हणजे त्याने हे सगळे मोबाईलच्या स्पीकरवर, ओसरीत, शेजारी टीव्ही चालू असताना ऐकले होते. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालच्या पट्टीतले ध्वनी जवळजवळ उमटतच नाहीत. तानपुऱ्याचा खर्ज गेला, तबल्याच्या बायाँचा घुमारा गेला, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातली आलापी पुसट झाली. खाँसाहेबांची गायकी तर मंद्रातच मुक्काम करणारी. म्हणजे त्या मुलाने जे ऐकले त्यात खरोखरच फारसे काही उरले नव्हते.

पालकांचा प्रश्न आणि या मुलाचे उत्तर एकत्र ठेवले की अडचणीचे स्वरूप स्पष्ट होते. शिफारशी चांगल्या होत्या, पण त्या घेणाऱ्याच्या हातात कोणते यंत्र आहे, किती वेळ आहे आणि त्याचा कान आज कोणत्या पायरीवर आहे, यांचा विचार त्यांत नव्हता. दहा लिंक पाठवणाऱ्याला आपण पुष्कळ दिले असे वाटते. घेणाऱ्याला त्यातून कशापासून सुरुवात करावी हेच कळत नाही, आणि तो कशापासूनच करत नाही.

समोर असलेले पर्याय

शिक्षिकेने या टप्प्यावर दोन सहकारी शिक्षकांशी चर्चा केली, आणि त्या चर्चेतून चार वाटा पुढे आल्या.

उपक्रम बंद करणे ही सर्वांत सोपी वाट होती. वर्गाचे त्यातून काहीच बिघडले नसते, निकालावरही परिणाम झाला नसता. ती वाट त्यांनी लगेच सोडली.

अभ्यासक्रमाबाहेरचे काहीच सुचवायचे नाही, ही वाट पालकांना पटणारी होती, आणि तिच्यात तथ्यही होते. विद्यार्थी जो राग शिकत आहे तोच ऐकतो तेव्हा कानाला धरायला आधार मिळतो. तथापि शिक्षिकेची हरकत अशी होती की, मग नाट्यसंगीत, लोकगीते, जुन्या ध्वनिमुद्रिका, चित्रपटातील रागदारी हे सगळे 'परीक्षेनंतर' वर ढकलले जाईल, आणि परीक्षेनंतर पुढची परीक्षा असते. ही हरकत मला रास्त वाटते.

तिसरी वाट विद्यार्थ्यांनीच सुचवायचे, ही होती. सहकाऱ्यांपैकी एकांचा हिलाच पाठिंबा होता. भीती एवढीच की, ग्रुपवर ज्याचा आवाज मोठा त्याची आवड सर्वांवर लादली जाते. तबल्याची जुगलबंदी आणि वेगवान ताना यांच्या क्लिपा तेवढ्या फिरत राहतील, असा शिक्षिकेचा होरा होता.

चौथी वाट आठवड्याला एकच गोष्ट, ती आधी वर्गात सर्वांनी मिळून ऐकायची आणि मग घरी पुन्हा ऐकायची, अशी होती. यात वर्गाच्या वेळातील दहा-बारा मिनिटे खर्ची पडणार होती. आठवड्यातून दोनच दिवस भरणाऱ्या वर्गात ही किंमत लहान नाही, आणि निर्णय अडला तो इथेच. शेवटी त्यांनी चौथी वाट मुख्य धरली, तिसरीचा अंश महिन्यातून एका रविवारपुरता घेतला आणि दुसरीतून एक नियम उचलला: महिन्यातल्या किमान एका शिफारशीचा धागा त्या वेळी शिकवत असलेल्या रागाशी जुळलेला असावा.

प्रत्यक्ष कृती

नव्या पद्धतीचा पहिला संदेश येथे देतो, कारण आधीच्या आणि नंतरच्या पद्धतीतला फरक त्यातून जितका कळतो तितका वर्णनातून कळणार नाही.

'या आठवड्यात एकच: केसरबाई केरकर, भैरवी, जात कहाँ हो. साडेतीन मिनिटे. शक्य असेल तर इअरफोन लावा. पहिल्यांदा नुसते ऐका, काही शोधू नका. दुसऱ्यांदा बाईंनी श्वास कुठे घेतला ते शोधा आणि वहीत लिहा. मंगळवारी विचारीन.'

निवड विचारपूर्वक होती. १९७७ साली अमेरिकेने अवकाशात धाडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील ध्वनींची जी तबकडी बसवली आहे, तीत भारतातले म्हणून हे एकच गाणे आहे. ही गोष्ट शिक्षिकेने संदेशात घातली नाही. मंगळवारी सर्वांनी आपापले श्वास मोजून दाखवल्यावर, आणि त्यांवरून आपसात भरपूर वाद झाल्यावर, त्यांनी ती सांगितली. आधी माहिती आणि मग गाणे असा क्रम ठेवला असता तर मुलांनी गाणे यानासाठी ऐकले असते. त्यांनी आधी ते श्वासासाठी ऐकले. माझ्या मते संपूर्ण फेररचनेतील हा सर्वांत कसबी निर्णय आहे, जरी शिक्षिका स्वतः त्याला 'सहज सुचले' म्हणतात.

पुढचे कित्येक आठवडे त्यांनी मुद्दाम जुन्या ७८ गतीच्या ध्वनिमुद्रिकांवर भर दिला. त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा अधिक मावत नसे, म्हणून गायकाला रागाचा सगळा ऐवज तेवढ्यात मांडावा लागे. तेव्हाची ही मर्यादा आज नवशिक्या कानाच्या पथ्यावर पडते. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील 'पिया बिन नाही आवत चैन' ही ठुमरी याच मालिकेत आली. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झालेल्या गौहर जान यांच्या तबकड्यांची गंमत मुलांना विशेष भावली. गाणे संपताच बाई इंग्रजीत आपले नाव सांगतात, कारण मुद्रण परदेशात तयार होई आणि तेथील कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे ओळखता यावे लागे. पुढचे काही दिवस वर्गात प्रत्येक जण आपला पाठ संपवून स्वतःचे नाव पुकारत होता.

रागाशी जोडलेल्या शिफारशींपैकी भूप आणि देसकार ही जोडी सर्वाधिक उपयोगी पडली. दोन्हींचे स्वर तेच, सा रे ग प ध. पण भूपात गंधारावर ठाण मांडलेले असते, तर देसकारात धैवतावर; भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. पाठ्यपुस्तकात ही तुलना चार ओळींत असते आणि मुले ती चार ओळींत लिहून मोकळी होतात. येथे दोन लहान ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकवून 'गायक कुठे थांबतो ते बोट वर करून दाखवा' एवढेच सांगितले होते. दुसऱ्या ध्वनिमुद्रणात निम्म्या वर्गाची बोटे चुकीच्या जागी वर गेली, आणि तेथून खरी चर्चा सुरू झाली.

यंत्राचा प्रश्न शिक्षिकेने पैशाने न सोडवता व्यवस्थेने सोडवला. वर्गात एक मध्यम आकाराचा स्पीकर कायमचा ठेवला आणि दर आठवड्याचे पहिले ऐकणे त्यावरच होईल असे ठरवले. खर्ज एकदा छातीशी जाणवला की पुढे मोबाईलवर ऐकतानाही कान तो आठवणीने भरून काढतो, असा त्यांचा अनुभव आहे. ज्या मुलाला मारव्यात 'काही होत नव्हते', त्याला त्यांनी तोच मारवा काही महिन्यांनी याच स्पीकरवर, फक्त पहिली तीन आवर्तने आणि तीही हाताने झुमरा मोजत, ऐकवला. त्याने मत बदलले असे म्हणणार नाही. 'आता कळतंय की ते थांबलेले नाहीत,' एवढे तो म्हणाला.

याच सुमारास आणखी एक निर्णय झाला, तो थोडक्यात सांगतो. ध्वनिफिती उतरवून ग्रुपवर टाकण्याची आधीची सवय शिक्षिकेने बंद केली आणि अधिकृत वाहिन्यांच्या लिंक देण्यास सुरुवात केली. १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्व हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. त्यामुळे फार जुनी मुद्रणे मोकळी असतात, पण गीत आणि चाल यांचे हक्क त्या-त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत चालतात. दर रविवारी हा हिशेब करत बसण्यापेक्षा लिंक देणे सोपे होते.

कानबाईच्या गाण्याचा प्रसंग

महिन्यातील एक शिफारस आपल्या भागातील असावी, असे फेररचनेत ठरले होते. बहिणाबाई चौधरींच्या कविता, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) झोक्यावरची गाणी असे विषय त्यात येऊन गेले. श्रावणात शिक्षिकेने लिहिले: 'ज्यांच्या घरी कानबाई बसते त्यांनी जागरणातले एक गाणे शेवटपर्यंत ऐका आणि पहिल्या ओळीचे स्वर हार्मोनियमवर शोधून या.'

खान्देशाबाहेरील वाचकांसाठी एवढे सांगायला हवे की, नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी कानबाई या देवीची स्थापना होते, भाऊबंद एकत्र जमून रोट करतात, रात्रभर बायका देवीची गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन होते. गाणी अहिराणीत असतात आणि ती आजीकडून सुनेकडे, सुनेकडून नातीकडे कानावाटेच जातात.

एका नववीतल्या मुलीने स्वर शोधण्याऐवजी आजीचे गाणेच मोबाईलवर मुद्रित केले आणि ग्रुपवर टाकले. आवाज खणखणीत, चार-पाच स्वरांत फिरणारी चाल, मागे बायकांचा झील. शिक्षिकेने खाली लिहिले, 'फार सुंदर, सर्वांनी ऐका.' या क्षणाला मी पहिला निर्णयबिंदू मानतो. ध्वनिमुद्रण मागितलेले नव्हते, आजीला विचारलेले नव्हते, आणि वर्गप्रमुखाच्या एका ओळीने ते शिफारशीच्या पंक्तीत जाऊन बसले.

ग्रुपमधून ते नातेवाइकांच्या ग्रुपांत गेले. तेथून सुरतेला गेले, कारण उधना-लिंबायत भागात निम्मा खान्देश नांदतो असे म्हणायला हरकत नाही. काही दिवसांनी तेच गाणे परत गावात आले ते रील होऊन. कोणीतरी मधलीच दोन कडवी कापून, गती वाढवून, खाली ढोलाचा ठोका घालून ते चढवले होते. मुलीच्या काकांनी शिक्षिकेला फोन केला आणि हे तुमच्या क्लासमुळे झाले, असे स्पष्ट शब्दांत सुनावले.

शिक्षिकेपुढे आता तीन मार्ग होते. मुलीने स्वतःहून टाकले, वर्गाचा संबंध नाही, असे म्हणता आले असते, आणि अक्षरशः ते खरेही होते. ग्रुपवरून गाणे काढून टाकून दिलगिरीचा संदेश लिहिता आला असता. तिसरा मार्ग घरी जाण्याचा होता. सहकाऱ्यांचे मत दुसऱ्याकडे होते, कारण तापलेल्या घरात जाऊन शब्दाला शब्द वाढण्याचा संभव होता. शिक्षिकेने तिसरा निवडला, मात्र एकटीने न जाता मुलीच्या आईशी आधी बोलून, वयाने मोठ्या असलेल्या एका सहकारी बाईंना सोबत घेतले.

घरी काका रागावलेले होते. आजी गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी ते रील अद्याप ऐकलेच नव्हते, कारण त्यांना ऐकवायला कोणी धजले नव्हते. त्यांनी ते लावायला सांगितले, ऐकले, आणि विचारले, 'सुरुवात कोठे शे?'

देवीला आवाहन करणाऱ्या ओळी रीलमध्ये नव्हत्या. आजींची तक्रार गाणे गावभर झाल्याची नव्हती. ठोक्याबद्दलही त्या फारशा बोलल्या नाहीत. बोलावण्याआधीच गाणे सुरू झाले, हे त्यांना अशुभ आणि त्याहून अधिक म्हणजे चुकीचे वाटत होते. शिवाय गती वाढवल्यामुळे आवाज पोरीसारखा बारीक झाला होता, त्यावर त्या स्वतःच हसल्या. शिक्षिकेने आपली बाजू मांडली नाही. परवानगी न घेता गाणे ऐकवले गेले याबद्दल क्षमा मागितली आणि आता काय केलेले तुम्हाला चालेल, असे विचारले. हा दुसरा निर्णयबिंदू. काकांना सर्व ठिकाणाहून गाणे पुसून हवे होते, आणि ते कोणाच्याही हातात उरले नव्हते. आजींना हवे होते ते वेगळेच: ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी पुढच्या श्रावणात घरी यावे आणि आधीपासून बसावे.

रील चढवणारा मुलगा ओळखीतलाच निघाला व त्याने ते काढले. प्रती मात्र फिरत राहिल्या. कायद्याचा उल्लेख त्या बैठकीत कोणी केला नाही, पण तो माहीत असणे बरे: गाणे परंपरेचे असले आणि त्याचा कर्ता ठाऊक नसला, तरी ते गाणाऱ्या व्यक्तीला आपल्या सादरीकरणावर हक्क असतो आणि तो पन्नास वर्षे टिकतो. तिच्या संमतीशिवाय त्याचे मुद्रण करून प्रसारित करता येत नाही. मोठमोठ्या मंचांवरील कलाकारांइतकाच हा हक्क जागरणात गाणाऱ्या आजींचाही आहे.

निष्पत्ती

त्यानंतर वर्गात दोन नियम झाले. घरच्या किंवा गावातील कोणाचेही गाणे ग्रुपवर टाकायचे नाही. त्याविषयी लिहायचे, चाल स्वरलिपीत उतरवून आणायची, आणि गाणाऱ्याने आपणहून हो म्हटले तरच वर्गात ऐकवायचे. दुसरा नियम असा की, कोणतीही शिफारस करताना गाणे कुठून सुरू करायचे ते लिहायचे आणि मधूनच तोडलेला तुकडा सुचवायचा नाही. या दुसऱ्या नियमाचे श्रेय शिक्षिका उघडपणे आजींना देतात.

पुढच्या श्रावणात काही विद्यार्थिनी त्या घरी जागरणाला गेल्या. सगळ्या गेल्या नाहीत. काहींच्या स्वतःच्या घरी कानबाई होती, काहींना पाठवले नाही. ज्या गेल्या त्यांनी पुरणपोळी, गंगाफळाची भाजी आणि गाणी, अशा क्रमाने वृत्तान्त सांगितला. मुद्रण कोणी केले नाही.

परीक्षेचे गुण या उपक्रमामुळे वाढले असे म्हणता येत नाही, आणि शिक्षिकाही तसा दावा करत नाहीत. तोंडी परीक्षेत राग ओळखताना मुले आता पहिल्या स्वराला घाबरून उत्तर देत नाहीत, थोडे थांबतात, एवढा फरक त्यांना जाणवतो. पालकांपैकी दोघे-तिघे रविवारचा संदेश स्वतः ऐकू लागले आहेत. त्यांत 'परीक्षामा येस का' विचारणारे पालकही आहेत. आता ते संदेश उशिरा आला तर विचारणा करतात.

महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांनी सुचवायचे, हा भाग मात्र लंगडाच राहिला. शिक्षिकेची भीती खरी ठरली: वेगवान तबला आणि चित्रपटगीते यांपलीकडे फारसे काही आले नाही. जे वेगळे आले, त्याचे काय झाले ते पुढे येते.

वेगळे काय करता आले असते

घरगुती ध्वनिमुद्रणांविषयीचा नियम प्रसंगानंतर आला. 'आपल्याकडचे' हा विभाग सुरू करतानाच तो लिहिला असता तर काकांचा फोन आला नसता. लोकगीताची शिफारस आणि ध्वनिमुद्रिकेची शिफारस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तबकडीवरील गायिकेने आपले गाणे जगासाठी म्हणून गायलेले असते; जागरणातील गाणे देवीसाठी आणि जमलेल्यांसाठी असते. उपक्रमाच्या आखणीत दोन्ही एकाच साच्यात घातली गेली होती.

ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तो वडिलांसोबत शेतात किंवा एसटीच्या ड्यूटीवर जातो, अशा विद्यार्थ्यांचा विचार उशिरा झाला. वर्गातील सामूहिक ऐकण्याने त्यांची अर्धी सोय झाली, पण घरी पुन्हा ऐकणे त्यांना जमत नव्हते. यासाठी आकाशवाणी हाताशी होती. विविध भारतीवर सकाळी लागणारी 'संगीत सरिता' ही मालिका राग, चित्रपटगीत आणि त्यांतील नाते थोडक्या मिनिटांत उलगडून दाखवते, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. स्वयंपाकघरातील रेडिओ अजून चालू असलेली घरे या भागात आहेत. आठवड्याच्या शिफारशीत महिन्यातून एकदा रेडिओचा कार्यक्रम ठेवला असता, तर कोणावर वेगळा भार न पडता ही मुले बरोबरीने आली असती. शिक्षिका आता तसे करण्याच्या विचारात आहेत.

शेवटचा मुद्दा माझा आहे आणि तो शिक्षिकेला अद्याप पूर्ण पटलेला नाही. विद्यार्थ्यांच्या रविवारी, साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातून शिकायला आलेल्या आणि वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलाने पावरी सुचवली होती. वाळलेला भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांपासून बनणारे हे आदिवासी वाद्य आहे. त्यावर कोणीही काही लिहिले नाही. अंगठाही उमटला नाही. पुढच्या आठवड्यात नेहमीप्रमाणे शिक्षिकेची शिफारस आली आणि विषय मागे पडला. त्या मुलाने पुन्हा काही सुचवले नाही. पावरीत वादक गाल फुगवून श्वास न तोडता सूर चालू ठेवतो. केसरबाईंचे श्वास मोजणाऱ्या वर्गाला विचारायला याहून चांगला प्रश्न कोणता मिळाला असता? शिक्षिकेचे म्हणणे असे की, तेव्हा त्यांच्याकडे पावरीविषयी सांगण्यासारखे काही नव्हते, आणि माहीत नसलेल्या गोष्टीवर वर्गाची दहा मिनिटे घालवणे त्यांना योग्य वाटले नाही. माझे म्हणणे असे की, त्या दिवशी सांगायचे त्या मुलाने होते. वसतिगृहाच्या सुट्टीत तो गावी जाऊन येईल तेव्हा त्याला वर्गात बोलायला सांगायचे, येथवर आमचे एकमत झाले आहे. वाद्य आणायला सांगायचे की नाही, हे त्यालाच विचारायचे आहे.